रेघ उभी की तिरकी?

स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं तेव्हा शाळेबद्दल लिहायचं ठरवलं होतं. लिहायला बसलो आणि डोळ्यांपुढे बाईच आल्या. इंग्रजीच्या बाई म्हटलं की आपल्याकडे पुढे नाव लागत नाही.

मराठीत वाक्यपृथक्करणाचा तक्ता असायचा. रकाने भरले की गुण. बाई मात्र वाक्याचं चित्र काढायला लावत. रीड आणि केलॉग या अमेरिकन शिक्षकांनी १८७७ च्या पुस्तकात मांडलेली ही पद्धत आपल्या अभ्यासक्रमात नव्हतीच. एक आडवी रेघ, तिला आरपार छेदणारी उभी रेघ. डावीकडे कर्ता, उजवीकडे क्रियापद. कर्माआधीची उभी रेघ आडवीवर नुसती टेकते. कर्माऐवजी पूरक, म्हणजे कर्त्याबद्दलच सांगणारा शब्द, असलं तर तीच रेघ कर्त्याकडे कलते. विशेषणं खाली तिरकी लोंबतात.

एकदा फळ्यावर वाक्य आलं : 'दे आर कुकिंग ॲपल्स'. खडू माझ्या हातात. 'ॲपल्स'आधी मी ओढलेली रेघ धड उभी नाही, धड तिरकी नाही.

"रेघ उभी की तिरकी?"

"उभी, बाई."

"मग 'दे' कोण?"

"शिजवणारे."

"आणि तिरकी असती तर?"

मी गप्प. बाईंनी 'कुकिंग' पुसून 'ॲपल्स'खाली टांगलं. आता 'दे' म्हणजे सफरचंदंच, शिजवून खायच्या जातीची! शब्द तेच, क्रमही तोच. त्या रात्री मला झोप नाही. 'मी रमेशला धावताना पाहिलं' यात धावत कोण होतं? दुसऱ्या दिवशी मराठीच्या सरांना विचारलं, तर म्हणाले, "तू आधी तक्ता भर."

आज मी करारांचे मसुदे तपासतो. 'नवीन यंत्रे व सुटे भाग' दिसलं की पेन्सिल समासात जाते : 'नवीन' फक्त यंत्रांखाली टांगायचं की दोघांखाली? हाताखालची मुलं हसतात. पण विभागप्रमुख झालो तो याच खोडीमुळे, असं मी (जरा फुशारकीने) सांगतो. शाळेच्या नव्या इमारतीत फळ्याच्या जागी पडदे आलेत म्हणे. पडद्यावर रेघ वाकडी येतच नसेल.

बाई निवृत्त झाल्यावर मी त्यांना इंग्रजीतून पत्र लिहिलं. त्यात एक वाक्य होतं : 'आय रिमेंबर द डेज यू टॉट अस विथ ग्रेट जॉय'. उत्तरादाखल त्याच वाक्याच्या दोन आकृत्या आल्या. एकीत तो आनंद माझ्या आठवण्याखाली, दुसरीत त्यांच्या शिकवण्याखाली. आणि मराठीत एवढंच : "यातलं कुठलं?"

उत्तर लिहायचं माझ्याकडून राहूनच गेलं.