तुम्ही विचारलंत म्हणून : यातलं तुझं नेमकं काय?

प्रश्न साधारण एकाच चालीत येतो. आधी "छान आहे हं", मग थोडं थांबून "पण यातलं तुझं नेमकं काय?" नातेवाईक विचारतात, एका पत्रकाराने विचारलं, अनुदानाचे फॉर्म विचारतात (मुख्य कलाकाराचं नाव लिहा, रकाना एकच), आणि परवा सख्ख्या मावशीने विचारलं तेव्हा ठरवलं की एकदा लिहूनच टाकते. इन्स्टॉलेशन म्हणजे काय, याला कला म्हणायचं का, ते परत सुरू करत नाही. तुम्ही काम बघून आलायत म्हणूनच तर विचारताय.

सोपं उत्तर असं की तांबट आळीवरच्या, म्हणजे पुण्यात तांब्याची भांडी घडवतात त्या गल्लीवरच्या, आमच्या कामात (एक खोली, भिंतींवर व्हिडिओ, स्पीकरमधून आवाज) कॅमेरा माझ्या मैत्रिणीचा आणि माईक माझा. व्हिडिओ तिचा, साउंड माझा. हे खरं आहे आणि मला ते अजिबात आवडत नाही, कारण ते ऐकलं की समोरचा लगेच म्हणतो "अच्छा, बॅकग्राउंड म्युझिक तुझं". मावशी म्हणाली, "म्हणजे तू साथ केलीस." सवाईला वर्षानुवर्षं जाऊन मुख्य कलाकार मधे आणि साथीदार बाजूला हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की दोन माणसं दिसली की आपण आधी मधे कोण बसलंय ते बघतो. आणि फिल्मवाले विचारतात, "डायरेक्टर कोण?" लॉ कॉलेज रोडवर १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथे साउंडचं वेगळं शिक्षण मिळतं, माझे निम्मे मित्र तिथले, आणि त्यांच्या जगात प्रश्न बरोबरच आहे, तिथे साउंड कोणाचा हे पडद्यावर लिहून येतं आणि सगळ्यांच्या वर एक माणूस असतो. आमच्यात वर कोणी नाही.

आता काम कसं बनलं ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कसबा पेठेत तांबटकाम करणाऱ्या काकांच्या दुकानात आम्ही बसायचो, मठारकाम, म्हणजे भांड्यावर हातोड्याने ठोके देणं, चालू असताना. भट्टीत तापवून मऊ केलेल्या तांब्यावर हातोडा पडला की आवाज बसका येतो. घावावर घाव बसत गेले की धातू कडक होत जातो आणि आवाज खुलतो, शेवटी शेवटी घंगाळ खणखणीत वाजायला लागतं. काका आमच्याशी बोलत असायचे, घराबद्दल, तांब्याच्या भावाबद्दल, नजर आमच्याकडे, हाताने भांडं फिरतंय, आणि मधेच वाक्य तोडून मागे फिरवून एकाच जागी परत दोन घाव. मी विचारलं, "काका, न बघता कसं कळलं?" तर म्हणाले, "वाजलं ना ते." माझ्यासाठी काम तिथे सुरू झालं. तिचं विचाराल तर ती काकांच्या मनगटाबद्दल सांगेल.

पहिल्यांदा आम्ही सरळ जोडलं होतं. पडद्यावर हातोडा पडला की आवाज. ते माहितीपट झालं, चांगला माहितीपट, पण दोन मिनिटांत डोकं गप्प बसायचं. मग दोन्ही सोडवले. व्हिडिओचा लूप, म्हणजे संपला की आपोआप परत सुरू होणारा तुकडा, ११ मिनिटांचा, साउंडचा १३ मिनिटांचा, दोन्ही एकदम सुरू केले की परत पहिल्यासारखे जुळायला १४३ मिनिटं लागतात. इतका वेळ तिथे कोण थांबतंय, म्हणजे प्रत्येकाला वेगळं काम दिसतं. हातोडा हवेत असताना घाव ऐकू येतो, हात थांबलेला असतो आणि खोली वाजत असते, आणि मधेच कधीतरी दोन-तीन घाव अगदी बरोबर बसतात, माणसं दचकून मान वर करतात, आणि परत सगळं सुटतं. चार कोपऱ्यांत चार स्पीकर आहेत, त्यामुळे आवाज लांबून आल्यावर ते जुळणं बिघडत नाही का, असं एकाने विचारलं होतं, चांगला प्रश्न होता. नाही बिघडत. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा मीटरला जेमतेम ३० मिलिसेकंद, आणि सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेमच ४० मिलिसेकंदांची असते.

तर ते दोन-तीन घाव. ते तिच्या फाइलमध्ये नाहीत आणि माझ्याही नाहीत. मला विचाराल तर काम तेच आहे, बाकी सगळी त्याची तयारी. लूप वेगळ्या लांबीचे करायची कल्पना कोणाची? ती म्हणते तिची, मी म्हणते माझी, आणि दोघींना ते वाक्य आपण कुठे बसून बोललो तेही आठवतं, फक्त जागा वेगवेगळ्या आठवतात.

इथपर्यंतचं मी कोणालाही सांगते. पुढचं आजवर सांगितलं नव्हतं.

प्रदर्शनाच्या शेवटच्या रविवारी दुपारी मी न कळवता गॅलरीत गेले. कुठली गॅलरी ते लिहिणार नाही. जिन्याच्या पहिल्या वळणावर खालच्या पट्टीतला घाव ऐकू यायला लागतो, तो आला नाही, मला वाटलं लाईट गेले. आत आले तर दोन्ही भिंतींवर व्हिडिओ व्यवस्थित चालू, सात-आठ माणसं बघतायत, आणि स्पीकर वाजवणारा अ‍ॅम्प बंद. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, काल खाली मीटिंग होती, त्यांना आवाज जात होता म्हणून बंद करायला सांगितला, मग तो तसाच राहिला." आणि मला बरं वाटावं म्हणून पुढे म्हणाला, "पण कोणी काही म्हणालं नाही."

त्याच्यावर माझा राग नाही. ज्यांनी बंद करायला सांगितलं त्यांच्यावर आहे, अजून आहे. खालच्या लोकांना उजेडाचा त्रास होतोय म्हणून प्रोजेक्टर बंद करा असं त्यांनी सांगितलं असतं का? आणि केला असता तर मैत्रिणीला फोन गेला नसता का? मला नाही आला.

मी अभिप्रायाची वही उघडली. शनिवारचं पान. "अप्रतिम." "हात किती बोलतात!" आणि एकाने, बहुतेक आजोबांनी, सुंदर जुन्या वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं, "तांबट आळीतून फिरून आल्यासारखं वाटलं." तांबट आळीतून! जिथे दोन माणसांना ओरडून बोलावं लागतं त्या आळीतून, आणि खोलीत एक घाव वाजत नव्हता.

अ‍ॅम्प मी लगेच लावला नाही. का नाही लावला हे मला नीट सांगता येत नाही. मी भिंतीला टेकून बघत राहिले. एक लहान मुलगा हातोड्याबरोबर स्वतःचा हात खालीवर करत होता, त्याच्या आईने मोबाईल खिशात ठेवून दिला होता. आणि व्हिडिओ चांगला होता हो. खूप चांगला. काकांच्या मनगटाची सावली तांब्यावर पडून वाकडी होते ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, इतक्या वेळा बघूनही, कारण एरवी मी ऐकत असते. मग मी उठून अ‍ॅम्प लावला आणि दोन माणसं कानावर हात ठेवून बाहेर गेली.

मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, लावलास ना आता?" मग जरा थांबून विचारलं, "पण तसं चालत होतं का?" ती मला लागावं म्हणून बोलली नव्हती, ते मला माहितीये. ती कामाचाच विचार करत होती, मीही तोच केला असता. मी म्हटलं, "हो, चालत होतं."

गॅलरीच्या दाराशी जी टीप लावली होती ती मीच लिहिली होती. त्यात वाक्य होतं, "यातलं दृश्य आणि ध्वनी एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत." जी टीप लिहिणारी मी होते ती आजही म्हणते की काढता येतात म्हणजे काय, काढून उरलं ते दुसरंच काम होतं, त्या शनिवारच्या लोकांनी आमचं काम बघितलंच नाही. आणि जी वही वाचणारी मी होते ती विचारते की मग त्या आजोबांना काय दिसलं? पहिलीचं म्हणणं मला पटतं, दुसरीला उत्तर देता येत नाही. नंतर आम्ही मुद्दाम उलटंही करून बघितलं, प्रोजेक्टर बंद, अंधारात फक्त साउंड, चार मित्रांना बसवून. तेही चाललं. मला त्याने बरं वाटायला हवं होतं. उलट जास्तच अडकल्यासारखं झालं.

आणि हो, मला माझं नाव हवं असतं. दोघींची नावं सारख्या टायपात असली तरी कोणाचं आधी आहे ते मी बघते. दिल्लीचे रक्स मीडिया कलेक्टिव्हवाले तिघं १९९२ पासून एकाच नावाने काम करतात, आम्हीही एक नाव घेऊ असं मीच सुचवलं होतं आणि मीच मागे घेतलं, कारण त्या एका नावाआड लोक कोणाला बघतील हे मला माहिती होतं. कोणी साथ म्हटलं की मला सांगावंसं वाटतं की व्हिडिओ आर्टचं मूळ ज्या प्रदर्शनात शोधतात, नाम जून पाइकचं १९६३ सालचं, जर्मनीत वुपरटालला, त्याच्या नावात संगीत आधी होतं आणि टेलिव्हिजन नंतर, खोल्यांमध्ये टीव्ही होते आणि पियानोही होते, आणि तो माणूस संगीत शिकून आलेला होता. मावशीला हे सांगितलं. ती म्हणाली, "बरं, पण मग यात तुझं काय?"

आत्ता एका दुसऱ्या शहरातून विचारणा आलीय. त्यांच्याकडे जागा कमी आहे, एकच स्क्रीन, साउंड नको, फक्त व्हिडिओ पाठवा, नावं दोघींची देऊ. मैत्रिणीने मला विचारलं, तिने न विचारता पाठवला असता तर निदान भांडता आलं असतं. मी करारात एक ओळ घातलीय की साउंड बंद असेल त्या वेळात स्क्रीनही बंद ठेवावा. ती म्हणते ही ओळ कामासाठी नाही, तुझ्यासाठी आहे. मी म्हणते दोन्हीसाठी. ती म्हणते मग उलटी ओळही घाल, स्क्रीन बंद तर साउंड बंद. ते मला मान्य नाही, आणि का मान्य नाही हे तिला पटेल असं मला अजून सांगता आलेलं नाही. मेल ड्राफ्टमध्ये आहे, त्यांना शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय.