कालनिर्णयावरचे चार लाल गोल

नोकरी सोडून भाषांतराची कामं घ्यायला लागले, तेव्हा वाटलं, क्लायंट पैसे देतानाच दहा टक्के आयकर, म्हणजे टीडीएस, कापतोच, मग आपल्याला काय भरायचं राहिलं? राहिलं होतं. एका सप्टेंबरात अ‍ॅडव्हान्स टॅक्सचे, म्हणजे वर्ष संपायच्या आतच हप्त्यांनी भरायच्या आयकराचे, 18,000 भरायचे होते. गणपतीच्या गडबडीत 15 तारीख हुकली, 16ला भरले. उशीर एका दिवसाचा, व्याज तीन महिन्यांचं. 540 रुपये! तेवढ्यात मोदकांचं सारण झालं असतं.

आता स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्चच्या 15ला लाल गोल. शेजारी 15, 45, 75, 100, म्हणजे तोवर वर्षाच्या करातला एकूण किती टक्के भरलेला हवा ते. जूनच्या गोलात सासूबाईंनी ‘दूध नको’ लिहून ठेवलंय.