फॉर म्हणजे चार नव्हे

दर डिसेंबरला हा प्रश्न येतो. वसईहून मावशी फोनवर विचारते, मैत्रिणी विचारतात, आणि जपानातल्या दिवसांबद्दल मी काही लिहिलं की वाचणारेही विचारतात : "नाताळला सुट्टी नसते तिकडे? मग त्या दिवशी करता काय? आणि ख्रिश्चन नसलेल्या मुलांना नाताळाचं शिकवता तरी काय?" फोनवर दोन वाक्यांत याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर लिहिते.

सुट्टी नसते. २५ डिसेंबर जपानात कामाचाच दिवस असतो. शाळांची हिवाळी सुट्टी त्याच सुमाराला लागते, पण ती नववर्षासाठी. मी टोक्योच्या उत्तरेला सैतामा प्रांतात तीन प्राथमिक शाळांमध्ये इंग्रजीची सहायक शिक्षिका आहे. वर्गशिक्षक वर्ग सांभाळतात आणि मी इंग्रजी बोलते, मुलांकडून वदवून घेते. तास ४५ मिनिटांचा, दिवसाला चार-पाच तास. डिसेंबरचे पहिले तीन आठवडे म्हणजे माझ्या वर्षातला सगळ्यांत धावपळीचा काळ, कारण प्रत्येक वर्गाला ख्रिसमसचा एक तास हवा असतो. परदेशी बाई आहे, ख्रिसमस तिचाच, तेव्हा तिनेच करावा, असा सगळ्यांचा समज. माझ्या बाबतीत तो खरा निघाला ही गोष्ट वेगळी. मी वसईची ख्रिस्ती. मात्र माझा नाताळ मराठीतला आहे. त्यात येशूजन्माचा गोठा आहे, दाराला टांगलेला ताऱ्याचा कंदील आहे, नेवऱ्या नि कलकल असा फराळ आहे, मराठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आहे. बर्फ मी पहिल्यांदा पाहिला तो तिशी ओलांडल्यावर.

सकाळी शाळेत शिरताना बूट काढून आतले बूट घालायचे. डिसेंबरात त्या क्षणी गारठा पायातून थेट वर चढतो. इथला हिवाळा कोरडा, आभाळ निळंशार; तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून कधीकधी फुजी दिसतो आणि मुलं मला ओढून दाखवायला नेतात. शिक्षकांच्या खोलीत फळ्यावर आज कुठल्या वर्गात किती गैरहजर ते लिहिलेलं असतं. फ्लूची साथ वाढली की अख्खा वर्ग दोन-तीन दिवस बंद ठेवतात. मग त्या वर्गाचा ख्रिसमस कधी कधी जानेवारीत जातो, आणि तेव्हा तो कोणालाच नको असतो. २५ तारखेच्या रात्रीत दुकानातली झाडं उतरतात आणि २६ला सकाळी तिथं नववर्षाची बांबू-पाइनची सजावट उभी असते. मुलांच्या मनातही ते तसंच बदलतं.

या मुलांचा ख्रिसमस म्हणजे सांता. त्याला ती आदराने 'सान्ता-सान' म्हणतात. तो २४च्या रात्री येऊन उशाशी भेट ठेवून जातो. घरी पांढऱ्या क्रीमचा, लाल स्ट्रॉबेरीचा केक येतो. केंटकीचं, म्हणजे केएफसीचं, चिकन तर असतंच. १९७४ साली त्या कंपनीने ख्रिसमसची जाहिरात देशभर केली आणि आता लोक आठवडे आधी बुकिंग करून ठेवतात. देशात ख्रिस्ती माणसं शंभरात एखादं. सरकारी शाळेत कुठल्याही एका धर्माचं शिक्षण द्यायला इथला शिक्षण कायदा मनाई करतो, आणि मला ते बरोबरच वाटतं. माझी श्रद्धा मी दुसऱ्यांच्या आठ वर्षांच्या लेकरांच्या डोक्यावर ठेवू नये. पण मूल सरळ विचारतं तेव्हा सरळ सांगते. "सेन्सेई (म्हणजे बाई), ख्रिसमस हा सान्ता-सानचा वाढदिवस ना?" असं एका मुलीने विचारलं. मी म्हटलं, "नाही गं, येशू नावाच्या बाळाचा." तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "मग भेटी आपल्याला कशा?" इतका चांगला प्रश्न मला धर्मशिक्षणाच्या वर्गातही कधी सुचला नव्हता.

मग शिकवते काय? सुरुवात टाळ्यांनी करते. जपानी मुलाच्या तोंडी हा शब्द 'कुरिसुमासु' असतो. मी म्हणते, टाळ्या वाजवत म्हणा. पाच टाळ्या पडतात : कु, रि, सु, मा, सु. आता माझ्याबरोबर. ख्रिस्, मस. दोनच. वर्ग गोंधळतो. तीन टाळ्या कुठे गेल्या? जपानीत बहुतेक व्यंजनांना स्वर लागतोच, त्यामुळे नुसतं 'स्' म्हणून थांबायचं हे त्यांच्या जिभेला अपुरं वाटतं, जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसं. चाळीस मिनिटं व्याकरण सांगून जे होत नाही ते या टाळ्यांनी होतं. त्यात मला मराठीचा फार उपयोग होतो. पाय मोडलेलं अक्षर म्हणजे काय ते मी फळ्यावर 'स' लिहून, त्याचा पाय मोडून दाखवते. मुलांना तो तुटलेला पाय फार आवडतो.

आता ज्या तासासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो सांगते.

तिसरीच्या पुस्तकात 'धिस इज फॉर यू' असा धडा आहे. तो साधारण डिसेंबरातच येतो. रंगीत कागदाचे आकार कापायचे, त्यांचं दुकान मांडायचं, इंग्रजीत मागून घ्यायचे आणि चिकटवून कोणासाठी तरी शुभेच्छापत्र करायचं. "व्हॉट डू यू वॉन्ट?" "अ रेड स्टार, प्लीज." "हाउ मेनी?" "टू, प्लीज." "हिअर यू आर." घेणाराही दोन्ही हातांनी घेतो, देणाराही दोन्ही हातांनी देतो, हे मी शिकवलेलं नाही, घरून आलेलं आहे. चांदण्यांचा खप सगळ्यांत जास्त. त्रिकोणवाले दुकानदार तोंड पाडून बसतात, मग कोणीतरी तीन हिरवे त्रिकोण एकावर एक रचून झाड करतं आणि त्रिकोणांनाही भाव येतो.

मी बाकांमधून फिरत होते. एकीने चार चांदण्या लावल्या होत्या. शेजारणीची चार बदामं. पुढच्या बाकावर चार गोल. मला वाटलं, एकमेकींचं बघून करताहेत. तेवढ्यात खिडकीजवळचा एक मुलगा उभा राहिला. एका हातात पत्र, दुसऱ्या हाताची चार बोटं वर, आणि खणखणीत आवाजात : "धिस इज फोर यू!"

तेव्हा उलगडा झाला. गेल्या धड्यापर्यंत आम्ही 'हाउ मेनी'च करत होतो. फोर म्हणजे चार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मीच ते पक्कं करून घेतलं होतं. आता तोच आवाज नव्या वाक्यात आला आणि त्यांनी आपल्याजवळ होता तो अर्थ प्रामाणिकपणे लावला. चूक म्हणावी असं त्यात काहीच नव्हतं. ऐकून, विचार करून काढलेला अर्थ होता.

वर्गशिक्षिकांनी माझ्याकडे पाहिलं. 'फॉर' आठ वर्षांच्या मुलाला कसा समजवायचा? जपानीत 'आनाता नि' म्हटलं, म्हणजे 'तुला'. माना हलल्या, पण चार बोटं काही खाली येईनात. मग एकदम माझ्या लक्षात आलं की आमच्याकडेही तेच आहे. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : साठी. सांगितलं, माझ्या भाषेत 'फॉर'ला हा शब्द. तुझ्यासाठी, आईसाठी. आणि याच शब्दात एक आकडा लपलाय. ओळखा किती. पाच, दहा, शंभर, सगळं झालं. मी ६० लिहिलं.

"एऽऽऽ!" अख्खा वर्ग. मागच्या बाकावरून आरोळी आली, "इंदो नो काची!" म्हणजे, भारत जिंकला. चाराला साठ भारी, उघडच आहे. मग मी दोन्ही शब्दांतले आकडे पुसले आणि पत्र दोन्ही हातांनी पुढे धरून दाखवलं. या हातातून त्या हातात जातं ना, तो मधला रस्ता म्हणजे 'फॉर'. आता कळलं. वर्गशिक्षिका हसून म्हणाल्या, "साठ म्हणजे आमचं कानरेकी." जपानात साठी झाली की माणूस नव्याने जन्माला आला असं मानतात, त्याला बाळासारखं लाल जाकीट घालतात. आमच्याकडेही साठी करतात हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या दोन क्षण शिकवायचं विसरून माझ्याशी बोलत राहिल्या.

चार बोटंवाला मुलगा मात्र खाली बसला होता आणि पिवळ्या पेन्सिलीने पत्रावर बारीक बारीक चांदण्या काढत होता. घंटा झाली. मधली वीस मिनिटांची सुट्टी, सगळे डॉजबॉलला पळाले. तो हलला नाही. मी विचारलं, हू इज इट फॉर? कोणासाठी? "बाच्यान," तो म्हणाला. आजी. "कानरेकी." आणि पुन्हा मोजायला लागला.

लोक मला दुसराही एक प्रश्न विचारतात, जरा संकोचत : इंग्रजी तुमची मातृभाषा नाही, मग तुम्हाला कसं घेतलं? मला वाटतं, याचं उत्तर त्या तासात आहे. मी मराठी शाळेत शिकले. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून ते २००० साली सुरू झालं. जपानात तिसरी-चौथीला तोंडओळख असते, आणि विषय म्हणून इंग्रजी २०२० पासून पाचवीलाच सुरू होतं. म्हणजे या मुलांच्या बाकावर मी बसलेली आहे. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्हींना एकच 'व' लावून मी कित्येक वर्षं बोलले, आणि तो फरक ओठांनी कसा करायचा हे मला शिकावं लागलं. जे शिकावं लागलं ते शिकवता येतं. ज्याला 'फॉर' जन्मापासून येतो त्याला चार बोटं दिसली असती, पण त्यांच्यामागचा रस्ता दिसला असता की नाही, शंका आहे.

आमच्या वसईचा एक माणूस माझ्या फार आधी इथे आला होता. संत गोन्सालो गार्सिया. आमच्याकडे त्यांच्या नावाचं कॉलेज आहे. लहानपणापासून ते नाव कानावर असतं, म्हणून त्याचा विचार कोणी करत नाही. वडील पोर्तुगीज, आई आपल्याच कोकणपट्टीतली. तरुणपणी ते जपानला आले आणि जपानी इतकी उत्तम शिकले की १५९३ साली मनिलाहून आलेल्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचे दुभाषी म्हणून जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यापुढे उभे राहिले. ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीत ज्या २६ जणांना क्रुसावर चढवलं त्यांत ते होते. एका हिवाळी सुट्टीत मी ते जिथे घडलं त्या निशिझाका टेकडीवर गेले. सव्वीस ब्राँझचे पुतळे एका रांगेत उभे आहेत. सहावीच्या मुलांना इतिहासात हिदेयोशी असतो. मी परत आल्यावर त्यांना सांगितलं की माझ्या गावच्या माणसाने त्याच्याशी तुमच्या भाषेत बोलणं केलं होतं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मरणाचा नव्हता. "त्यांना कोणी शिकवली जपानी?" मी तेव्हापासून तोच प्रश्न मनात घेऊन आहे.

बाकी दिवस सांगायचे तर : सत्राच्या शेवटी एक दिवस ख्रिसमसचं जेवण असतं, चिकन, सूप आणि छोटा केक. मुलंच पांढरे अॅप्रन घालून वाढतात. गैरहजर मुलाचा केक उरला तर त्यावर दगड-कागद-कात्रीची लढत होते आणि जिंकणारा तो उभ्यानेच खातो. शेवटच्या दिवशी प्रगतिपुस्तकं, आणि पाठीवर, हातात, गळ्यात सामान लटकवून मुलं घरी जातात. सुट्टीच्या महिन्यात माझ्यासारख्या कंत्राटी शिक्षकांचा पगार कापला जातो. वर्षभर राबणाऱ्या माणसाला डिसेंबरात असं करणं चुकीचं आहे, आणि हे मी जिथे बोलायला मिळेल तिथे बोलते.

२४ला संध्याकाळी मी गाडीने योत्सुयाच्या संत इग्नेशियस चर्चला जाते. तिथे कितीतरी भाषांत मिस्सा होतात, मराठीत नाही. घरून फोन येतो तेव्हा माझ्याकडे मध्यरात्र उलटलेली असते, साडेतीन तासांचं अंतर. मावशी विचारते, उद्या तरी सुट्टी आहे ना गं?

जानेवारीत शाळा उघडली तेव्हा तिसरीचा तो मुलगा जिन्यात भेटला. मी विचारलं, पत्र पोचलं का? हो म्हणाला. आजीने चष्मा लावून सगळ्या चांदण्या मोजल्या. अठ्ठावन्नच भरल्या. उरलेल्या दोन तिने स्वतः काढल्या.