तुम्ही विचारलंत म्हणून: गोव्याची असून युद्धावर प्रश्न?

मी वास्कोत राहते. दाबोळीचा नौदलाचा तळ इतका जवळ की मिग उडाली की गॅलरीतल्या काचा थरथरतात. आणि तरी कुठेही युद्धाची भाषा सुरू झाली की मी म्हणते, आधी संसद बोलवा, चर्चा करा, मत घ्या. मग कुणीतरी विचारतंच, परवा मासळी घेताना ओळखीच्या एका काकांनीसुद्धा विचारलं, "तू गोव्याची ना गो? एकसष्टला सैन्य आलं ते काय मतदान घेऊन आलं? आलं नसतं तर आज कुठे असतीस?"

खरंय, मतदान नव्हतं झालं. पण ती घाई नव्हती. ४७ ते ६१, चौदा वर्षं. वाटाघाटी झाल्या, पोर्तुगालशी संबंध तोडले, १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, लोकसभेत नेहरूंना सारखं विचारलं जात होतं की अजून किती थांबणार. सगळं लोकांसमोर घासून पुसून झालेलं होतं.

आणि काका, त्या लढाईची दुसरी बाजू आपण कधी सांगतच नाही. बाबा तेव्हा नऊ वर्षांचे. १८ डिसेंबरला मुरगाव बंदरात आफोंसो द आल्बुकर्क या पोर्तुगीज जहाजावर आपल्या नौदलाचे तोफगोळे पडत होते तेव्हा आजीने पोरांना खाटेखाली ढकललं, आणि बाबांना अजून आठवतं की पेजेचं ताट तिथेच जमिनीवर राहिलं आणि त्यात छपराची माती पडत होती. त्याच्या चारेक दिवस आधी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने लिस्बनहून तार पाठवली होती, शरण जायचं नाही, जिंकायचं नाहीतर मरायचं. लिस्बनमध्ये विधिमंडळ होतं हो, पण नावाला, सालाझारला अडवणारं कुणी त्यात नव्हतं. गव्हर्नर वासालो ई सिल्वाने तो हुकूम पाळला नाही आणि १९ तारखेला रात्री इथे वास्कोतच शरणागतीवर सही केली. परत गेल्यावर त्याला सैन्यातून काढून टाकलं. म्हणजे आमचं घर उभं राहिलं कारण एका माणसाला शेवटच्या क्षणी सुबुद्धी झाली. मला हे भयंकर वाटतं. दरवेळी असा माणूस मिळेलच कशावरून?

आपल्याकडे कायद्यात काय आहे बघा. युद्ध आणि शांतता हा केंद्राचा विषय, एवढं राज्यघटनेत आहे, पण युद्धाआधी संसदेची परवानगी घ्या असं कुठेच नाही. युद्धामुळे आणीबाणी लावली तर कलम ३५२ प्रमाणे महिन्याभरात दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते. खुद्द युद्धाला लागत नाही! १९८७ ला श्रीलंकेत शांतिसेना पाठवली, ती मतदान घेऊन नव्हे, आणि १९९० ला ती परतली तोवर आपले अकराशेच्या वर जवान गेले होते. ऑपरेशन सिंदूर ७ मे २०२५ ला सुरू झालं, १० मेला गोळीबार थांबला, विरोधक खास अधिवेशन मागत राहिले आणि लोकसभेत चर्चा झाली २८ जुलैला. मधे सर्वपक्षीय बैठका झाल्या हे मान्य, पण बंद दारामागची बैठक म्हणजे सभागृह नव्हे, तिथे कोण काय बोललं ते आपल्याला कळत नाही.

युद्ध चालू असताना चर्चा केली तर शत्रूला फायदा होतो म्हणतात. १९६२ ला चीनचं सैन्य आत घुसलेलं असताना तरुण वाजपेयींनी अधिवेशन मागितलं आणि नेहरूंनी ते ठरलेल्या तारखेच्या आधी बोलावलं, ८ नोव्हेंबरला, बैठक गुप्त ठेवा ही मागणीही मानली नाही. शिव्या खाल्ल्या, पण ऐकून घेतलं.

मतदान म्हणजे रामबाण असं मी म्हणत नाही. २००३ ला ब्रिटिश संसदेने इराकसाठी ४१२ विरुद्ध १४९ असा होकार दिला, इराककडच्या ज्या महाविनाशक शस्त्रांसाठी दिला ती सापडलीच नाहीत. पण कुणी कुठे हात वर केला ते नोंदलं गेलं, आणि २०१३ ला सीरियाची वेळ आली तेव्हा त्याच सभागृहाने पंतप्रधानाला २८५ विरुद्ध २७२ ने नाही म्हटलं. पंतप्रधानाने ऐकलं.

सैन्यावर भरवसा नाही का, हाही प्रश्न येतो. सैन्यावर आहेच. पाठवायचा निर्णय जवान घेत नाही, म्हणून विचारायचं ते निर्णय घेणाऱ्याला. माझा मावसभाऊ टँकरवर आहे, आमच्याकडे घरटी कुणीतरी आखातात नाहीतर बोटीवर असतंच, आणि तिकडे काही पेटलं की मावशी त्याला पाठवलेल्या मेसेजची एकच टिक बघत बसते. गेल्या खेपेला चार दिवस एकच टिक होती. जेवायला बसली तरी फोन ताटाच्या बाजूला.

सरकारला एकदम हात बांधून ठेवा असं कोण म्हणतंय? हल्ला झाला तर परतवा, त्याच क्षणी. पण दोन दिवसांत सभागृहापुढे या, काय माहिती होती, काय साधायचंय, कुठे थांबणार ते सांगा, आणि लांबणार असेल तर मत घ्या. गोव्याचे लोकसभेत दोनच खासदार आहेत. दक्षिण गोव्याच्या आमच्या खासदाराने उभं राहून हो किंवा नाही म्हणावं आणि ते नोंदीत राहावं, इतकंच मी पत्रात लिहिलंय. मावशीनेही खाली सही केलीय.