काळ्या मातीत एकच चाक का गरगरतं: गिअरबॉक्सच्या कामाची पुढची नोंद

मंडळी, भंगारातून आणलेला गिअरबॉक्स एकदाचा पूर्ण खोलून झाला. डिफरेन्शियल, म्हणजे इंजिनचा जोर दोन चाकांना वाटून त्यांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा संच, डिझेलनं धुऊन टेबलावर ठेवलंय. दात शाबूत आहेत, साइड गिअरमागचे (हे गिअर दोन चाकांच्या दांड्यांना जोडलेले असतात) वॉशर मात्र झिजले होते, ते नवे टाकले. आपल्या हॅचबॅकमध्ये इंजिन आडवं असतं आणि जोर पुढच्या चाकांना जातो, त्यामुळे जीपसारखी काटकोनात वळणारी गिअरची जोडी, क्राउन-पिनियन, इथं नाही. तिरप्या दातांचा एक मोठा गिअर डिफरेन्शियलच्या हाउसिंगला, म्हणजे बाहेरच्या पेटीला, बोल्टनं बसवलेला आहे, आणि तेल गिअरबॉक्सचं तेच डिफरेन्शियलला. हा तेलाचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागेल.

हाउसिंग व्हाइसमध्ये धरून एक साइड गिअर हातानं फिरवला की दुसरा तेवढाच उलटा फिरतो. हाउसिंगचा वेग म्हणजे दोन चाकांच्या वेगाची सरासरी, हे यात डोळ्यांनी दिसतं. एक चाक थांबलं तर दुसरं दुप्पट वेगानं पळणार. ज्या गाडीचा वेगाचा काटा गिअरबॉक्सवरून चालतो, तिच्यात काटा वीसवर असताना रुतलेलं चाक चाळीसच्या वेगानं फिरत असतं. टायर इतक्या लवकर का तापतो, ते यावरून कळतं.

परतीच्या पावसानंतर सोलापुरात विजापूर रोडच्या आतल्या रस्त्याच्या कडेला गाडी नेली. डावं चाक काळ्या मातीत, उजवं कोरड्या डांबरावर. क्लच सोडला, डावं चाक गरगरलं, गाडी जागची हलली नाही. बरोबरचा मित्र म्हणाला, "सगळी ताकद त्याच चाकाला चाललीय बे!" सगळेजण असंच म्हणतात. पण टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, दोन्ही चाकांना सारखाच जातो. मधला छोटा पिनियन सारख्या दांड्यांच्या तराजूसारखा आहे, एका पारड्यात जितका विरोध तितकाच जोर दुसऱ्या पारड्यात. डावीकडं मातीचा विरोध नावापुरता, म्हणून उजवीकडंही जोर तेवढाच. जास्तीचा वेग मात्र डाव्याला मिळतो.

आकड्यात मांडतो. एमआयडीसीतल्या वजनकाट्यावर फक्त पुढची चाकं चढवून पाहिली, सुमारे 540 किलो आलं, म्हणजे चाकामागं 270. कोरड्या डांबराची पकड (वजनाच्या किती पट जोर टायर लावू शकतो ते) 0.8 धरली आणि ओल्या काळ्या मातीची 0.2, तर उजवं चाक 216 किलोचा जोर लावू शकतं, डावं फक्त 54. साध्या डिफरेन्शियलमध्ये मिळतात 54 अधिक 54, एकूण 108. उजव्या चाकाची तीन चतुर्थांश पकड वाया जाते.

आता एका चाकाचं गरगरणं आवरणारं डिफरेन्शियल, हेलिकल (तिरप्या दातांच्या गिअरचं) प्रकारचं लिमिटेड स्लिप घ्या, टॉर्सेन किंवा क्वेफ या कंपन्यांसारखं. त्याचं बायस गुणोत्तर 2.5 असेल तर कमी पकडीच्या चाकाच्या अडीचपट जोर दुसऱ्याला जातो. 54 अधिक 135, म्हणजे 189. फरक मोठा आहे. पण चाक हवेत लटकलं तर शून्याची अडीचपट शून्यच, ही त्याची मर्यादा. क्लच प्लेटच्या प्रकारात आधीचा दाब असतो, म्हणून ते अशा वेळीही थोडं ओढतं. मात्र त्याला प्लेटांना चालणारं खास तेल हवं, आणि आपलं तेल तर गिअरबॉक्सशी सामाईक. गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या सिंक्रो रिंगांना नको ते तेल चालत नाही. म्हणून रोजच्या गाडीत मी हेलिकललाच मत देईन.

यावेळी सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते ब्रेकच्या युक्तीनं. रुतल्यावर एक्सलरेटर देत ब्रेक हलका दाबा, गाडी निघते, असं जुने ड्रायव्हर सांगतात. समजा ब्रेकनं प्रत्येक पुढच्या चाकावर 40 किलो विरोध आला. डावीकडं 54 अधिक 40 म्हणजे 94. साधं डिफरेन्शियल उजवीकडंही 94 देतं, पण त्यातले 40 उजव्याच ब्रेकमध्ये खर्च होतात. रस्त्यावर परत 54च! फार तर गरगरणारं चाक संथ होऊन मातीत थोडी पकड सापडते, तेवढाच फायदा. हेलिकलमध्ये मात्र 94 ची अडीचपट 235, वजा 40, म्हणजे 195. मागचे ब्रेक थोडे धरतात तेवढं यातून वजा करा, तरी ब्रेकशिवायच्या 135 पेक्षा ते बरंच जास्त. युक्ती खरी आहे, पण तिला साजेसं डिफरेन्शियल हवं. नव्या गाड्यांतला ट्रॅक्शन कंट्रोल फक्त गरगरणाऱ्या चाकाचा ब्रेक धरतो, म्हणून त्याला साधं डिफरेन्शियलही चालतं. हँडब्रेकचा इथं प्रश्नच नाही, तो मागच्या चाकांवर असतो.

वळणावर पाऊस नसतानाही हाच खेळ होतो. होटगी रोडवरून आत वळताना दुसऱ्या गिअरमध्ये जोर दिला की आतलं चाक किरकिरतं. वजन बाहेरच्या चाकावर जातं, वेग वाढवताना मागंही सरकतं, आणि उरलेल्या तुटपुंज्या पकडीवर बाहेरच्या चाकाचाही जोर अडून राहतो. पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारी, डावी-उजवी चाकं जोडणारी सळई) जाड केला तर आतलं चाक आणखी हलकं होतं, त्रास वाढतो. मागचा जाड केला तर वजनाची अदलाबदल मागं जास्त होते आणि पुढचं आतलं चाक जमिनीवर टिकतं. अशा गाड्या वळणात मागचं आतलं चाक उचलतात, त्याचं कारण हेच.

सध्या ठरलंय ते असं: साधं डिफरेन्शियलच नवी ऑइल सील टाकून परत बसवायचं, आधी टायर बदलायचे, मग मागचा बार. ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला की मोहोळकडच्या रस्त्यावर पाचट आणि ट्रॉल्यांच्या चाकांची माती पडते, तिथं एका बाजूची पकड कमी असलेला रस्ता आयता मिळेल. ती मोजणी झाल्यावरच हेलिकलसाठी पैसे बाजूला काढायचे.