'जंपिन' जॅक फ्लॅश'चा फुटका आवाज: कॅसेटवरचा तिसरा प्रयत्न

मंडळी, रविवारी रात्री तो आवाज पहिल्यांदा हाताशी आला. पुरता नाही, पण सुरुवातीच्या रिफमधला (गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीतला) तो फुटका, करकरीत ठणका आता माझ्या टेपवर आहे. आणि त्यात इलेक्ट्रिक गिटार कुठेच नाही!

रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडच्या या गाण्यासाठी मी वर्षभर ॲम्प्लिफायरची बटणं पिळत होतो. मग त्यांचा गिटारवादक कीथ रिचर्ड्सने सांगितलेली हकिगत वाचली. त्याने फिलिप्सच्या छोट्या कॅसेट रेकॉर्डरसमोर ॲकूस्टिक गिटार वाजवली, तीही इतक्या जोरात की रेकॉर्डरला ती झेपेना. मग स्टुडिओत ती कॅसेट लहानशा स्पीकरवर लावून त्याच्यासमोर माइक ठेवला. म्हणजे रेकॉर्डर हाच त्याचा ॲम्प्लिफायर!

पहिला प्रयत्न घरच्या जुन्या रेकॉर्डरवर केला. आवाज फुटेचना. जोरात स्ट्रोक मारला की तो दबायचा आणि मग हळूहळू वर यायचा. कारण नंतरच्या यंत्रांमध्ये आवाजाची पातळी आपोआप आवरणारं सर्किट असतं. पुढे कीथलाही हीच अडचण आली होती. दुसऱ्या वेळी जुन्या बाजारातून हाताने पातळी ठरवता येणारा मोनो रेकॉर्डर आणला, पण टेप फिरवणारा आतला पट्टा सैल झाल्याने सूर डुलत होता. पट्टा बदलला, हेड स्पिरिटने पुसलं आणि तिसऱ्या खेपेला पातळी दाखवणारा काटा लाल भागात अडकवूनच वाजवलं. गिटार ओपन डी ट्यूनिंगमध्ये: सहावी, दुसरी आणि पहिली तार एकेक स्वर खाली, तिसरी अर्धा. माइक गिटारच्या भोकापासून वीतभर दूर. त्याहून जवळ नेला की खालच्या तारांचा नुसता चिखल होतो.

हे करताना गाण्याची गोष्टही मनात घोळत होती. ससेक्समधल्या कीथच्या रेडलँड्स या घरी रात्रभर जागून तो आणि गायक मिक जॅगर बसले होते. बाहेर पाऊस. खिडकीपाशी गमबुटांचा धपधप आवाज आला आणि मिक दचकला. कीथ म्हणाला, तो आपला माळी, जॅक. त्या नावावर दोघं खेळत गेले आणि गाण्याचं नाव सापडलं. रिफचं मात्र वेगळं. बँडचा बेसवादक बिल वायमनचं म्हणणं असं की तालमीत बाकीच्यांची वाट पाहत असताना हा रिफ आपल्याला कीबोर्डवर सापडला. श्रेय जॅगर-रिचर्ड्स जोडीलाच मिळालं, आणि मला ते खटकतं. ध्वनिमुद्रणात बेसही कीथनेच वाजवला, बिल ऑर्गनवर होता.

डिसेंबर १९६७ चा सायकेडेलिक अल्बम त्यांनी स्वतःच निर्मित केला होता आणि त्यावर टीकाही भरपूर झाली. मग जिमी मिलर निर्माता म्हणून आला. २४ मे १९६८ ला हे गाणं एकटंच, सिंगल म्हणून बाहेर पडलं आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. १९६६ च्या 'पेंट इट, ब्लॅक'नंतर तिथला हा त्यांचा पहिलाच पहिला क्रमांक. अमेरिकेत तिसरा. डिसेंबरमध्ये आलेल्या 'बेगर्स बँक्वेट'मध्ये ते घेतलंच नाही. पण तो अल्बम कानाला लावा, 'स्ट्रीट फायटिंग मॅन'मध्ये हीच कॅसेटची युक्ती आहे. माझ्यासाठी त्या अल्बमचं दार या सिंगलनेच उघडलं.

आता पुढचं काम दुसऱ्या गिटारचं. कीथने वर आणखी एक गिटार चढवली होती, नॅशव्हिल ट्यूनिंगची. त्यात खालच्या तारांच्या जागी बारीक तारा लावून त्या एक सप्तक वर लावतात. बारा तारांच्या संचातल्या बारीक तारा काढून ठेवल्या आहेत. टेप साधी, फेरिक (लोहाच्या ऑक्साइडचा थर असलेली) वापरतोय. १९६८ मध्ये क्रोम (क्रोमियम डायऑक्साइडचा थर असलेली) कॅसेट मिळतच नव्हती. कुणी क्रोमवर मुद्दाम आवाज फोडून पाहिला असेल, तर तो कसा फुटतो ते मला ऐकायचंय.