रौप्यपदक? वाईट नाही!

ऑगस्ट २०१६. कोपनहेगनमध्ये पहाटेचे तीन वाजून गेलेले. शेजारी जागे होऊ नयेत म्हणून टीव्हीचा आवाज बंद करून मी रिओ ऑलिम्पिकमधली महिलांची ४०० मीटर अडथळ्यांची अंतिम शर्यत बघत बसले होते.

तीनच दिवसांपूर्वी ऑफिसात चोरून ललिता बाबरची स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची लांब पल्ल्याची शर्यत, पाहिली होती. माणदेशातल्या मोहीची मुलगी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत! १९८४च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत एवढी मजल मारणारी पहिलीच भारतीय महिला. दहावी आली, पण मी दिवसभर उगाच हसत होते. उषाचा विषय निघाला की बाबा अजून हळहळतात. लॉस एंजेलिसमध्ये तिसरी ५५.४१ सेकंदांत आली आणि उषा ५५.४२मध्ये. तीच ही शर्यत, ४०० मीटर अडथळ्यांची.

आता माझ्या पडद्यावर होती डेन्मार्कची सारा स्लॉट पेटरसन. महिनाभर आधी ॲमस्टरडॅममध्ये ५५.१२ सेकंदांत युरोपियन विजेती झालेली. त्याच्या आदल्या वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत मात्र चौथी. चौथं येणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

या शर्यतीत नुसता वेग पुरत नाही. एका फेरीत दहा अडथळे, प्रत्येक ७६.२ सेंटिमीटर उंच, आणि दोन अडथळ्यांमध्ये ३५ मीटर. तेवढ्या अंतरात किती पावलं टाकायची हे सरावात घोटलेलं असतं. पण पाय दमले की पाऊल आखूड पडतं, हिशोब चुकतो, आणि ऐन वेळी दुसऱ्याच पायाने उडी घ्यावी लागते. शेवटच्या वळणानंतर भल्याभल्या तिथेच अडखळतात. पहिली आली अमेरिकेची दलिला मुहम्मद, ५३.१३. तिच्यामागे सारा, ५३.५५, नवा डॅनिश विक्रम. तिसरी अमेरिकेचीच ॲशली स्पेन्सर, ५३.७२. मी तोंडावर उशी दाबून ओरडले.

सकाळी जिन्यात शेजारचे आजोबा भेटले. मी म्हटलं, "पाहिलंत का? रौप्य!" त्यांनी सायकलची टोपी नीट केली आणि म्हणाले, "हो. वाईट नाही." इथे ही कौतुकाची कमाल असते. आपल्या सदाशिव पेठेतलं "बरं आहे" आठवा. मात्र दोनच दिवसांनी डेन्मार्कने हँडबॉलच्या अंतिम सामन्यात फ्रान्सला हरवलं, तेव्हा हेच आजोबा बाल्कनीतून ओरडत होते. हँडबॉल म्हणजे इथलं क्रिकेट. धावण्याच्या वाट्याला तेवढा गोंगाट येत नाही.

मी बाबांना फोन करून सांगितलं, उषाच्या शर्यतीत आमच्या इथल्या मुलीला रौप्य मिळालं म्हणून. ते जरा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "तिसरीत आणि हिच्यात किती फरक होता?"

"सतरा शतांश."

"भरपूर आहे की," म्हणाले.